अठ्ठेचाळीस कप्पे आणि एक भिंत

बेळगावच्या एका वाचनालयात मी नोकरीला लागले तेव्हा तिथं पुस्तक शोधायच्या दोन पद्धती होत्या. मी तिसरी आणली. म्हणजे पुढं जे झालं त्यातला तिसरा हिस्सा माझ्या पदरात पडतो, हे आधीच सांगून टाकते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचं घर निपाणीला. बाबा तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचे, आई तिथंच तंबाखू चाळायची. आमच्या वस्तीत बी.ए. झालेली मी पहिली मुलगी, आणि त्यावर ग्रंथालयाचा सर्टिफिकेट कोर्स केलेली तर बहुतेक अख्ख्या गावात पहिली. नोकरी लागल्यावर बेळगावातल्याच शहापुरात आत्याकडं राहायला आले. आत्याच्या दोन्ही बाजूंना माग होते. पहिले आठ दिवस खटखटीनं डोकं उठलं, नवव्या दिवशी माग बंद होते तर चैन पडेना.

वाचनालयाच्या ग्रंथपालांना सगळे आप्पा म्हणायचे. ते येळ्ळूरचे. पहाटे शेतात जाऊन, तिथलं काम उरकून, धोतराला चिखलाचे शिंतोडे तसेच ठेवून सायकलीवरून यायचे. त्यांची पद्धत म्हणजे लाल कापडी बांधणीच्या सात वह्या. पुस्तक ज्या दिवशी आलं त्या दिवशी ते वहीत चढायचं, बस्स. ना लेखकाप्रमाणे, ना विषयाप्रमाणे. एखादं पुस्तक हवं असेल तर ते वाचनालयात कधी आलं हे तुम्हाला ठाऊक पाहिजे. ते अर्थातच कुणालाच ठाऊक नसायचं, एका आप्पांशिवाय. कुणी नाव सांगितलं की आप्पा छताकडं बघायचे, "ते आमच्या थोरलीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात आलंय," असं पुटपुटायचे आणि सरळ कपाटाकडं जाऊन पुस्तक काढायचे. वही उघडताना मी त्यांना पाहिलं ते फक्त नवीन पुस्तक लिहून घेताना.

दुसरी पद्धत कन्नड विभागाची. अनुदान मिळायचं तर कन्नड विभाग हवा अशी अट होती, म्हणून दिवाणखान्याएवढ्या त्या हॉलच्या मधोमध कपाटांची रांग लावून पलीकडं तो थाटला होता. तिथं गोकाकच्या बाजूचे एक उंच, शांत गृहस्थ होते. मी त्यांना सर म्हणायचे. अख्ख्या वाचनालयाची कार्डं बनवायचं काम ग्रंथालय खात्यानं सरांना दिलं होतं, पण ती मराठीत लिहायची की कन्नडमध्ये यावर समितीच्या तीन बैठका भांडणात गेल्या. चौथीत ठरलं की कार्डं इंग्रजीत करावीत, म्हणजे कुणालाच कळणार नाहीत आणि कुणाला वाईटही वाटणार नाही. सर इंग्रजी टाइपरायटरवर मराठी-कन्नड पुस्तकांची नावं टाइप करायला बसले. त्या टाइपरायटरचा 'एच' मोडलेला होता. 'एच' गेला की ख चा क होतो, घ चा ग होतो, भ चा ब होतो. सर ती अक्षरं नंतर पेनानं भरायचे, पण शेकडो कार्डांत ते राहून गेलं होतं. त्यामुळं 'खेळ आणि खेळाडू' हे पुस्तक 'केळीची लागवड' याच्या मांडीला मांडी लावून बसलं होतं, आणि गेली दोन वर्षं कुणाचीही तक्रार नव्हती.

तिसरी पद्धत माझी. कोर्समध्ये शिकवलं होतं की कार्डं देवनागरीत, वर्णानुक्रमानं, लाकडी कप्प्यांत. मी तसा अर्ज दिला. आमचे कार्यवाह म्हणजे सेवानिवृत्त मुख्याध्यापक, व्याकरणाचे कडक. अर्ज वाचून त्यांना भरून आलं. त्यांनी स्वतः कपाटाचा आराखडा काढला. वर्णमालेत अठ्ठेचाळीस अक्षरं, म्हणून अठ्ठेचाळीस कप्पे. एका ओळीत सहा, अशा आठ ओळी. सगळे कप्पे एका मापाचे.

मी भीत भीत म्हटलं की काही अक्षरांवर पुस्तकं फार असतात आणि काहींवर नसतातच, तेव्हा कप्पे त्या मानानं ठेवू. कार्यवाहांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. "आज ङ वर पुस्तक नसेल. उद्या कुणी लिहिलं तर त्यानं कुठं जायचं?" एवढंच ते म्हणाले आणि आराखडा सुताराकडं गेला.

कपाट आलं ते माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. मी मुळात बुटकी. सगळ्यात वरच्या ओळीत अ ते ऊ, तिथं माझा हात पोचेना. सगळ्यात खालच्या ओळीत स आणि ह, तिथं फरशीवर मांडी घालून बसावं लागे. स चा कप्पा तर इतका गच्च भरला की उघडायला दोघं लागायचे. आणि जिथं हात अगदी सहज जातो, छातीच्या उंचीला, तिथं ङ, ञ आणि ण. तिन्ही रिकामे. ङ मध्ये आप्पा पानाची चंची ठेवायला लागले, ञ मध्ये मी डबा, आणि ण मध्ये शिपाई वाचकांच्या विसरलेल्या चष्म्यांचा साठा करायचा. ळ च्या कप्प्याबद्दल समितीत एकमतानं ठराव झाला होता. हे अक्षर दोन्ही भाषांचं असल्यानं त्यावर दोन्ही लिप्यांत चिठ्ठी लावावी असा. तेवढ्या एका ठरावावर दोन्ही बाजूंच्या सह्या होत्या. ळ नं सुरू होणारं पुस्तक दोन्ही भाषांत नाही, हे कुणी बोललं नाही, मीही नाही.

वरच्या ओळीसाठी एक स्टूल मंजूर झालं. ते शिपायाला आवडलं. तो दारात त्यावर बसून राहायचा, आणि अ वरचं पुस्तक पाहिजे असलं की आधी त्याला उठवावं लागायचं.

असं वर्षभर चाललं. मग खात्याचे इन्स्पेक्टर आले.

ते धारवाडकडचे, पोटात माया असलेले, पण कागदावर काही अर्धवट राहिलं की त्यांना जेवण जायचं नाही असे गृहस्थ. एका वाचनालयात तीन पद्धती बघून ते खुर्चीत बसलेच. त्यांनी सांगितलं की तिन्हींची तुलना करून सर्वांत सोयीची कोणती ते ठरवायचं, बाकीच्या दोन बंद करायच्या, आणि तसा अहवाल खात्याला जाईल. तुलनेसाठी त्यांनी स्वतःच तक्ता आखला. त्यात रकाने होते: पद्धतीचं नाव, शिकायला लागणारा वेळ, वाचकाला स्वतः वापरता येते काय, पावसाळ्यात टिकते काय, आणि शेवटी शेरा.

मग प्रत्यक्ष चाचणी. इन्स्पेक्टरांनी फिरून कपाटांतली नऊ पुस्तकं काढली, नावं टिपली आणि परत ठेवली. दहाव्या वेळी एखाद्या खऱ्या वाचकाला बोलावून त्याला हवं ते पुस्तक शोधायचं ठरलं. आप्पांनी वह्यांवर, मी कप्प्यांवर आणि सरांनी इंग्रजी कार्डांवर. कार्यवाह घड्याळ घेऊन बसले. शाळेची सवय, त्यांनी शिट्टीही आणली होती.

शिट्टी वाजली तसे आप्पा उठले आणि पुस्तक घेऊन परत आले. मी अजून शिपायाला स्टुलावरून उठवत होते.

इन्स्पेक्टर म्हणाले की हे चालणार नाही, वही उघडलीच नाही. आप्पांनी समजावलं की वही त्यांनीच लिहिली आहे, तेव्हा ती उघडी असली काय आणि मिटलेली असली काय, आतला मजकूर बदलत नाही. इन्स्पेक्टर म्हणाले, पण डोकं खात्याला तपासणीसाठी पाठवता येत नाही. यावर आप्पा गंभीरपणे म्हणाले, "मी येतो की साहेब धारवाडला. भाताची लावणी तेवढी उरकू द्या."

इन्स्पेक्टरांनी बराच विचार करून पहिल्या ओळीत लिहून घेतलं. पद्धतीचं नाव: आप्पा. शिकायला लागणारा वेळ: एकतीस वर्षं. वाचकाला स्वतः वापरता येते काय: आप्पा जागेवर असल्यास. पावसाळ्यात टिकते काय, हे विचारलं तेव्हा आप्पांना जरा खोकला आला. तिथं लिहिलं गेलं, 'यंदा तरी'.

माझं काही ठीक झालं नाही. पहिली दोन पुस्तकं अ ची निघाली. तिसरं स चं निघालं, तो कप्पा ओढताना मी आणि शिपाई मागं पडलो, कार्डं फरशीभर झाली. चौथ्याला घाईत मी ञ उघडला आणि डब्यातली उसळ साऱ्या समितीसमोर आली. सरांची गत माझ्याहून बरी नव्हती. त्यांना 'खेळ आणि खेळाडू' सांगितलं, त्यांनी केळीचं आणलं, आणि ते शांतपणे म्हणाले की कार्डाप्रमाणे हेच बरोबर आहे.

मग खरा वाचक. इन्स्पेक्टरांनी शिपायाला सांगितलं, कुणीही चालेल, जे समोर दिसेल ते आण.

आमच्याकडं बायकांसाठी जिन्याखाली एक बाक होता. बायका हॉलमध्ये येत नसत. असा नियम लिहिलेला कुठंच नव्हता, पण येत नसत. पुस्तकाचं नाव शिपायाला सांगायचं, शिपाई आप्पांना सांगणार, आप्पा देतील ते घ्यायचं. त्या दिवशी बाकावर शहापूरच्या मावशी बसल्या होत्या. मावशी म्हणजे आत्याच्या पलीकडच्या घरातल्या, जन्मभर मागावर बसलेल्या, चाळिशीच्या पुढच्या. मागाला सुट्टी असली की त्या वाचनालयात यायच्या, अर्धा तास बाकावर बसायच्या आणि काही न मागता जायच्या. आत्याला वाटायचं की त्या सावलीला येतात. शिपायानं त्यांनाच आणलं. पदर सावरत त्या हॉलमध्ये शिरल्या, कपाटांकडं एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि खुर्ची दिल्यावरसुद्धा उभ्याच राहिल्या.

इन्स्पेक्टरांनी आदरानं विचारलं, बाई, तुम्हाला कोणतं पुस्तक पाहिजे? नाव सांगा.

"नाव म्हायती असतं तर मागंच मागितलं असतं की," मावशी म्हणाल्या.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मावशींच्या पहिल्या बाळंतपणाच्या आधी शेजारी एक नवी सून आली होती. तिच्याकडं एक पुस्तक होतं. पुठ्ठा गेलेला, वर्तमानपत्राचं वेष्टण घातलेलं. मावशी दुपारी तिच्याकडं बसून ते वाचायच्या, बोट ठेवून ठेवून, दिवसाला दोन-तीन पानं. अर्धं झालं आणि मावशींना कळा सुरू झाल्या. सव्वा महिन्यानं त्या उठल्या तोवर शेजारीण नवऱ्याच्या बदलीनं गेली होती आणि पुस्तकही गेलं होतं. ती जन्मलेली मुलगी आता लग्न होऊन जवळच्या मच्छे गावात नांदत होती.

"त्यात एक बाई हाय," मावशी म्हणाल्या. "घागर घेऊन पान्याला निघती. हिरीपाशी येती, पन थांबत न्हाय. तशीच पुढं जाती. तिथवर मी वाचलेलं. ती गेली का परत आली, तेवढं मला पाहिजे."

इन्स्पेक्टरांनी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला. मग त्यांना तक्त्याची आठवण झाली. त्यांनी विचारलं, लेखक? माहीत नाही. प्रकाशन? माहीत नाही. विषय? मावशी म्हणाल्या, सांगितला की. इन्स्पेक्टरांनी पेन जरा वेळ हवेत धरलं आणि विषयाच्या जागी लिहिलं, 'पाणीपुरवठा'.

कार्यवाहांनी शिट्टी वाजवली.

मी विषयाच्या कार्डांत 'विहीर' काढलं आणि विहिरींच्या खोदकामावरची सरकारी पुस्तिका घेऊन आले. सरांच्या कार्डांनी त्यांना कालव्यांच्या देखभालीपाशी नेलं. दोन्ही पुस्तकं मावशींसमोर ठेवली. त्यांनी ती हातात घेऊन मनापासून चाळली, विहिरीच्या कठड्याचं एक चित्र होतं तेही बघितलं, आणि परत दिली.

आता सगळे आप्पांकडं बघू लागले. आप्पा उठले नाहीत. त्यांनी छताकडं पाहिलं, मग डोळे मिटले. एवढा वेळ डोळे मिटलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"त्यात सासरा जिता हाय का?" त्यांनी विचारलं.

"हाय, पन बोलत न्हाय," मावशी म्हणाल्या.

"केवढं जाड?"

मावशींनी दोन बोटांत माप दाखवलं.

"वास कसला येतोय?"

मावशी जरा लाजल्या. मग म्हणाल्या की तंबाखूचा, लई उग्र, वाचताना शिंका यायच्या. आप्पांनी डोळे उघडले. शेजारीण कुठली होती ते विचारलं. मावशी म्हणाल्या, म्हायेर निपाणीचं होतं.

"मग ते आमचं न्हवंच," आप्पा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा मोकळा झाला की जणू त्यांच्यावरचा खटला निकाली निघाला. "ते निपानीच्या वाचनालयाचं. म्हायेरच्यांनी परत केलं असंल."

दुसऱ्या वाचनालयाचं पुस्तक चाचणीत धरता येत नाही असं ठरून दहावा प्रश्न रद्द झाला. चहा आला. मावशींना चहा देताना मी सांगितलं की रविवारी मी घरी जाणार आहे, बघते. त्या म्हणाल्या, "बघ बाई. घाई न्हाय." वीस वर्षं थांबलेल्या बाईनं असं म्हणावं याचं मला हसू आलं.

रविवारी मी निपाणीच्या वाचनालयात गेले. लहानपणापासून त्याच्यासमोरून गेलेली असूनही आत कधी शिरले नव्हते. तिथली पद्धत मी विसरलेच होते. तिथं पुस्तकांची यादी भिंतीवर रंगवलेली होती. वह्यांना वाळवी लागते म्हणून जुन्या काळी कुणा अध्यक्षानं पाटी रंगवणाऱ्याला बोलावून सगळी पुस्तकं रस्त्याकडच्या भिंतीवर लिहून घेतली होती, पांढऱ्यावर निळ्या अक्षरांत. वाचनालय बंद असलं तरी यादी उघडी. बुटक्याला खालची, उंचाला वरची, बाईला, पुरुषाला, कुणालाही रस्त्यात उभं राहून वाचता यायची. इन्स्पेक्टरांच्या तक्त्यात हिला सगळ्या रकान्यांत पूर्ण गुण मिळाले असते. अडचण एवढीच की भिंत भरली त्यानंतरचं एकही पुस्तक तिच्यावर नव्हतं, आणि प पासून पुढचा सगळा भाग सीमाप्रश्नाच्या घोषणेखाली गेला होता. घोषणाही जुनी झाली होती, तिच्यावर दुसऱ्या बाजूची घोषणा होती.

आतले कारकून म्हणाले की कपाटं भिंतीच्या क्रमानंच लावली आहेत, नंबर भिंतीवरच आहेत, आणि घोषणेखालचे नंबर आता कुणालाच माहीत नाहीत. न पर्यंतचं काहीही मागा, लगेच देतो.

मी घरी येऊन हे हसत हसत सांगितलं. बाबा जेवत होते. ते हसले नाहीत. ताटावर हात तसाच ठेवून म्हणाले, "प पास्नं पुढचं म्हनून दाखवू?"

मला कळेना. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी सांगितलं. शाळा त्यांना दुसरीपर्यंतच मिळाली होती, अक्षरं निम्मी विसरलेली. वखारीतला माल घेऊन जाताना हातगाडी त्या भिंतीसमोर थांबवायचे, कारण तिथं चढ सुरू व्हायचा आणि दम खायला लागायचा. त्या काळी आमच्यातलं कुणी आत जाऊन बसत नसे. पण भिंत बाहेर होती. बाबा दम खायला थांबले की एक नाव जुळवायचे. दुसऱ्या खेपेला पुढचं. असं करत दोन वर्षांत त्यांनी अख्खी भिंत वाचली. वाचायला ते तिच्यावरच शिकले. त्यातलं पुस्तक मात्र एकही वाचलेलं नव्हतं.

ते खरकट्या हातानं बसून म्हणायला लागले. नाव आणि नंबर, नाव आणि नंबर. आई दारात येऊन उभी राहिली. तिलाही हे नवीन होतं. कविता म्हणावी तशी त्यांची मान हलत होती. प संपला, फ, ब, म. मी वही घेऊन लिहीत गेले. ज्ञ पर्यंत आले आणि थांबले. मी विचारलं, संपलं?

"सगळ्यात खाली, गटारीजवळ, आनि एक ओळ होती," बाबा म्हणाले. "नाव नसलेली: दोन."

दुपारी आम्ही दोघं गेलो. बाबांनी धुतलेला सदरा घातला. दारात ते जरा घुटमळले, मग चपला काढून आत आले, बाकी सगळे चपला घालून बसले होते तरी. मी कारकुनांना वही दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, बाबांकडं पाहिलं, उठून उभे राहिले आणि आपली खुर्ची त्यांना दिली. मग शेवटच्या कपाटाच्या तळाच्या फळीवर, भिंतीला लागून, दोन बिनपुठ्ठ्याची पुस्तकं निघाली. एक पाकक्रियेचं. दुसऱ्यावर वर्तमानपत्राचं वेष्टण होतं. मी ते नाकाशी नेलं आणि शिंकले. बाबांनी वास घेऊन सांगितलं की हे कुणाच्या तरी माडीवर, चाळलेल्या तंबाखूशेजारी राहिलेलं आहे. पहिली आठ पानं नव्हती, त्यामुळं नाव नाही, लेखक नाही. शेवट होता. साठाव्या पानावर घागर होती.

बाबा त्या संध्याकाळपर्यंत तिथंच बसले. त्यांनी यादीतलं पहिलं पुस्तक मागितलं होतं.

दोन वाचनालयांत पुस्तकांची देवाणघेवाण करायचा फॉर्म असतो. त्यात पुस्तकाचं नाव लिहिल्याशिवाय तो पुढं जात नाही. कारकुनांनी आणि मी बराच खल करून 'नाव नाही' असं नाव लिहिलं आणि पुस्तक बेळगावला आलं.

तोवर खात्याचा निर्णयही आला होता. इन्स्पेक्टरांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं की तिन्ही पद्धतींत काही गुण आणि काही उणिवा आहेत, सबब कोणतीही बंद करू नये. मात्र वाचकाचा गोंधळ होऊ नये म्हणून कोणतं पुस्तक कोणत्या पद्धतीत शोधावं हे सांगणारी चौथी यादी तयार करावी. ती करायचं काम माझ्याकडं आलं. पहिल्या पानावर मी लिहिलं, 'आप्पांना विचारावे.' कार्यवाहांनी फक्त विरामचिन्ह तपासलं आणि सही केली.

मावशींनी पुस्तक घरी न्यायला नको म्हटलं. मागावर गेलं की तेल लागतं म्हणे. सुट्टीच्या दिवशी त्या यायच्या आणि आता जिन्याखाली न बसता सरळ हॉलमध्ये, मोठ्या टेबलापाशी बसायच्या. त्यांना कुणी आत या म्हटलं नव्हतं आणि आता बाहेर जा म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. होतं त्या पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. पाच-सहा महिने लागले. सर त्यांच्यासाठी खिडकीकडची खुर्ची मोकळी ठेवायचे.

एक दिवस त्यांनी पुस्तक मिटलं आणि माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मी विचारलं, काय झालं मावशी, गेली का?

"परत आली," त्या म्हणाल्या. "पुढच्या गावापातूर चालली, तिथल्या हिरीवर घागर भरली आनि परत आली. सासऱ्यानं इचारलं बी न्हाय."

त्या बसल्या. टेबलावरची कोरी कार्डं त्यांनी एकसारखी लावून ठेवली. मग म्हणाल्या की वीस वर्षं त्या मागावरच्या बायकांना ही गोष्ट सांगत आल्या आहेत. पुढचं वाचलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या मनानं तिला नेलं होतं. कधी कोल्हापूरला, कधी गोव्याकडं. एका गावात तिनं खाणावळ घातली होती. लेकीला तर सासरी जाताना त्यांनी तीच गोष्ट सांगून पाठवलं होतं.

"आता बायकांना काय सांगू?" त्यांनी मला विचारलं.

मी विषय बदलला. म्हटलं, ह्या पुस्तकाचं कार्ड करायचं आहे आणि त्याला नाव नाही. तुम्हीच द्या. निपाणीवाले पुस्तक परत मागत नव्हते, आणि नावाशिवाय ते कपाटात जाईना. मावशींनी फारसा विचार केला नाही. 'गेली' असं ठेव म्हणाल्या.

मी ग च्या कप्प्यात तसं कार्ड घातलं. वह्यांतही नोंद झाली, आप्पांनी ती छताकडं न बघता, चष्मा लावून, सावकाश लिहिली. सरांनी इंग्रजी कार्ड केलं.

पुस्तकाला मागणी चांगली होती. विशेषतः शहापूरच्या बायका यायच्या. मावशींनी त्यांना काय सांगितलं मला ठाऊक नाही, पण वाचून झाल्यावर कुणी माझ्याकडं काही बोललं नाही. चार-पाच वर्षांनी एका सेवानिवृत्त वाचकाची लेखी तक्रार आली की सदर पुस्तकाचं नाव आतल्या मजकुराशी विसंगत आहे, नायिका शेवटी परत येते, तरी नाव दुरुस्त करावं. कार्यवाहांनी माझा खुलासा मागवला. मी लिहून दिलं की नाव एका जाणकार वाचकानं सुचवलेलं आहे, आणि मूळ नाव उपलब्ध झाल्यास विचार करता येईल. कार्यवाहांनी मला बोलावलं, खुलासा दोनदा वाचला आणि विचारलं की शुद्धलेखन तरी बरोबर आहे ना. ली दीर्घ आहे का ते त्यांनी स्वतः कप्पा उघडून पाहिलं, आणि तक्रार निकाली काढली.